परसातला फुलता कांदा

कांद्याला फूल येते आणि ते देखणे असते. धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे चांगले ठाऊक आहे, पण त्या फुलाचे त्याला कौतुक नाही. रब्बीच्या वाफ्यात पानांच्या मधोमध जाड, पोकळ दांडा वर आला की त्याला डेंगळा म्हणतात, आणि डेंगळा म्हणजे नुकसान. अशा रोपाचा कांदा नीट पोसत नाही, पोटात दांड्याचा कडक भाग राहतो, चाळीत तो टिकत नाही आणि सोलापूरच्या बाजारात प्रतवारीत मागे पडतो. त्यामुळे डेंगळ्याला फुलेपर्यंत उभे राहू देणारे शेत विरळाच. पांढऱ्या गोंड्यांनी भरलेला वाफा दिसतो तो फक्त बियाण्याच्या प्लॉटमध्ये. तिथे निवडक कांदे, म्हणजे गोट, मुद्दाम पुन्हा जमिनीत लावलेले असतात.

फुलबागेत मात्र हाच डेंगळा हवा असतो. युरोपातल्या बागांत कांद्याच्या कुळातल्या वनस्पती केवळ शोभेसाठी लावण्याची रीत चांगलीच रुळलेली आहे. ॲलियम या प्रजातीत कांदा आणि लसूण धरून ९०० च्या आसपास जाती मोडतात. त्यांपैकी मध्य आशियातली ॲलियम जायजँटियम माणसाच्या खांद्याला लागेल इतकी उंच वाढते आणि टोकाला जांभळ्या फुलांचा घट्ट गोल गोंडा धरते. ॲलियम क्रिस्टोफायचा गोंडा वीतभर रुंद असतो आणि त्यातली प्रत्येक चांदणी सुटी, धातूसारखी चकाकणारी दिसते. ॲलियम सेरुलियमची फुले निळी, तर ॲलियम मोलीची पिवळी. या जातींचे कंद मोठ्या प्रमाणावर हॉलंडमध्ये तयार होतात. सुंदर छायाचित्रे पाहून हे कंद भारतातही मागवले जातात.

धाराशिवच्या बागेत ते फुलत नाहीत, आणि दोष माळ्याचा नसतो. या जाती जिथल्या आहेत तिथे हिवाळा लांब आणि कडक असतो. जमिनीतल्या कंदाला दहा ते सोळा आठवडे सलग गारवा मिळाला, साधारण चार ते नऊ अंश सेल्सियसच्या दरम्यान, तरच त्याच्या पोटातला फुलाचा कोंब पुरा होतो आणि दांडा उंच चढतो. धाराशिव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर वसले आहे. इथली डिसेंबर-जानेवारीची पहाट बोचरी असली तरी थंडीच्या लाटेत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ऊन पुन्हा तापते. शिवाय या जातींना थंडीनंतर लांबलचक, मऊ वसंत लागतो. इथे फेब्रुवारी सरतानाच उन्हाळ्याची चाहूल लागते आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन महिने ठेवण्याचा उपाय काही हौशी माळी करतात. तो करायचा तर फळे त्या कप्प्यात असता कामा नयेत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कंदातला फुलाचा कोंब मारतो. इतके सगळे करूनही फूल आलेच तर आखूड दांड्याचे येते आणि पुढच्या वर्षी तो कंद उपयोगाचा राहत नाही. पाण्याची आणि पैशाची काटकसर करणाऱ्या परसबागेला हा सौदा परवडणारा नाही.

भारतात शोभेचे कांदे वाढण्याजोगी जागा हिमालयात आहे. तिथल्या उंच कुरणांवर ॲलियम वॉलिची ही जांभळ्या फुलांची जात पावसाळ्यात रानात आपोआप फुलते, आणि उत्तराखंडात फोडणीसाठी वापरले जाणारे जंबू किंवा फरण हेसुद्धा ॲलियमच. मराठवाड्याच्या वाट्याला आलेला शोभेचा कांदा वेगळा आहे, आणि तो प्रत्येक घरात टोपलीत पडलेला असतो. दख्खनच्या हवेला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला हा आपला नेहमीचा कांदा इथल्या सौम्य थंडीवरही समाधान मानतो. पंधरा अंशांखालच्या काही आठवड्यांच्या रात्री त्याला फुलायला पुरतात.

कांदा मुळात दोन वर्षांचा गडी. पहिल्या हंगामात बियापासून रोप, रोपापासून कांदा तयार होतो, म्हणजे झाड पुढच्या वाटचालीची शिदोरी सालींच्या पदरांत बांधून ठेवते. दुसऱ्या हंगामात ती शिदोरी खर्चून ते दांडा, फूल आणि बी देते. माणूस मध्येच कांदा काढून घेतो, म्हणून बहुतेकांना या झाडाचे निम्मेच आयुष्य माहीत असते. एप्रिल-मे मध्ये काढलेला उन्हाळी कांदा चाळीत किंवा घरात पावसाळाभर राहतो आणि दिवाळीच्या सुमारास त्याला कोंब फुटू लागतात. गृहिणी ज्याला उतरलेला कांदा म्हणून बाजूला काढते, तोच फुलबागेसाठी उत्तम. त्याची विश्रांती संपलेली असते आणि पुढे थंडी येऊ घातलेली असते.

लावण्यासाठी मध्यम आकाराचा, साडेचार ते सहा सेंटिमीटर जाडीचा, साठ ते ऐंशी ग्रॅम वजनाचा, मानेशी घट्ट आणि बुडाशी कोरडा कांदा निवडावा. फार लहान कांद्याला दांडे कमी येतात. फार मोठ्याने फायदा तितका होत नाही, उलट तो कुजण्याचा धोका वाढतो. बियाण्याच्या प्लॉटमध्ये गोट लावण्यापूर्वी कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग कापतात. त्यामुळे कोंब लवकर वर येतात आणि आतून सडलेला कांदा तिथल्या तिथे ओळखू येतो, पण कापलेल्या भागातून बुरशी शिरू नये म्हणून कांदे बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवावे लागतात. घरच्या दहा-वीस कांद्यांसाठी एवढा खटाटोप नको. कोंब फुटलेला कांदा न कापता लावला की झाले.

जात कोणती घ्यावी, हा प्रश्न फुलांसाठी फारसा महत्त्वाचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून नाशिकला सुरू झालेली ही संस्था १९९८ मध्ये राजगुरुनगरला आली. तिथून निघालेल्या भीमा शक्ती आणि भीमा किरण या रब्बीच्या जाती, तशीच साठवणीला टिकणारी जुनी एन-२-४-१, दिवाळीपर्यंत चांगल्या राहतात, म्हणून सोयीच्या. साल लाल असो, फिकट असो की भीमा श्वेतासारखी पांढरी, फूल सगळ्यांचे एकच, हिरवट झाक असलेले पांढरे. जांभळ्या कांद्याला जांभळे फूल येईल या आशेने कोणी वाट पाहू नये.

जमिनीची निवड मात्र काळजीने करावी. जिल्ह्यात डोंगरउताराला मुरमाड, हलकी जमीन आहे आणि नद्यांच्या काठाने भारी काळी. कांद्याची मुळे वरच्या वीतभर थरातच पसरतात. त्यांना ओल हवी असते, पण साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या मातीत सपाट वाफा केला तर बूड कुजते, म्हणून तिथे वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि थोडा बारीक मुरूम किंवा वाळू मिसळावी. मुरमाड जागेत उलट शेणखत आणि गाळाची माती जास्त लागते. ऊन दिवसातून सहा तास तरी मिळावे. सावलीत दांडे लांबतात, वाकतात आणि गोंडा विरळ भरतो. गच्चीवर लावायचे तर बारा इंची कुंडीत तीन कांदे पुरेत, आणि फेब्रुवारीत स्लॅब तापू लागला की कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्यापर्यंत, पाऊस पुरता उघडून जमीन वाफशावर आली की लागवड करावी. कांदा मानेपर्यंत मातीत जावा, शेंडा उघडा राहावा. फुलबागेत कांदे शेतासारखे सरळ ओळीत लावले की त्यांची शोभा निम्मी होते. वीतभर अंतराने पाच-सात कांद्यांचा एक पुंजका आणि असे तीन-चार पुंजके इतर फुलांच्या मधून, ही मांडणी उठून दिसते. पुढे पिवळी-तांबडी शेवंती किंवा बाजारातला गलांडा असला तर कांद्याची पात खाली पिवळी पडू लागते तेव्हा ती झाकली जाते आणि गोंडे वरून डोकावतात. मागे गडद हिरव्या पानांचे कुंपण असेल तर आणखीच चांगले. पांढरे फूल पांढऱ्या भिंतीपुढे हरवते, हे लावतानाच ध्यानात घ्यावे.

पाणी थोडे आणि वारंवार द्यावे. थंडीत आठ-दहा दिवसांनी, दांडे निघाल्यावर पाच-सहा दिवसांनी, माती पाहून. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आच्छादनाला पर्याय नाही. सोयाबीनचे भुसकट इथे मुबलक असते. त्याचा दोन-तीन बोटे थर दिला की पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर येतात आणि तणही दबते. भाज्या-डाळी धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. नत्राचे खत सढळ हाताने घालू नये. पात हिरवीगार आणि मऊ होते, तिच्यावर फुलकिडे तुटून पडतात आणि दांडे लोळतात. लागवडीच्या वेळचे शेणखत आणि महिन्याभराने मूठभर गांडूळखत एवढे पुरते.

दांडा वाऱ्याने मोडणे ही इथली खरी अडचण. तो पोकळ असतो, खालच्या बाजूला फुगलेला, आणि टोकाला गोंड्याचे वजन. बालाघाटच्या पठारावर वारा अडायला फारसे काही नाही. तुराट्या प्रत्येक पुंजक्याभोवती रोवून सुतळीचे दोन वेढे दिले की दांडे उभे राहतात. गारांपुढे मात्र इलाज चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातही, जी गारपीट झाली तिने उभी पिके झोडपून काढली होती. कांद्याचा फुलोरा नेमका त्याच दिवसांत असतो. आभाळ भरून आले तर उमललेले दांडे कापून घरात आणणे शहाणपणाचे.

रोगकिडींत फुलकिडे आणि करपा यांची नावे आधी येतात. फुलकिडे पानांच्या बेचक्यात लपून रस शोषतात आणि पातीवर चंदेरी ओरखडे उठतात. निळे चिकट सापळे, पाण्याचा जोराचा फवारा आणि पाच टक्के निंबोळी अर्क एवढ्यावर घरच्या बागेत ते आटोक्यात राहतात. जांभळा करपा दमट, ढगाळ हवेत दांड्यावर जांभळट, खोलगट डाग पाडतो आणि दांडा तिथेच मोडतो. डाग दिसताच तो दांडा कापून बागेबाहेर टाकावा. फुले उमललेली असताना कसलीच फवारणी करू नये, कारण त्या वेळी गोंड्यावर मधमाश्या असतात.

लागवडीनंतर साधारण अडीच-तीन महिन्यांनी, जानेवारीच्या शेवटापासून, फुलोरा सुरू होतो. एका कांद्यात अनेक कोंब असल्याने तीन-चार ते सहा-सात दांडे येतात आणि दोन ते तीन फूट, कधी त्याहून उंच वाढतात. टोकाला आधी कागदासारख्या पातळ आवरणात बंद असलेली, वर निमुळती कळी दिसते. आवरण फाटले की आत शेकडो कळ्या एका बिंदूपासून सगळीकडे पसरलेल्या असतात. मोठ्या गोंड्यात हजाराहून जास्त फुले असू शकतात. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मध्यावर हिरवी रेघ आणि बाहेर आलेले सहा पुंकेसर. ही फुले एकदम उमलत नाहीत, आज चार इथे, उद्या दहा तिथे. म्हणून गोंडा तीन-चार आठवडे ताजा दिसतो. एका दिवसात कोमेजणाऱ्या जास्वंदीच्या शेजारी हा टिकाऊपणा विशेष वाटतो.

या क्रमामागे कारण आहे. कांद्याच्या फुलात परागकण आधी झडतात आणि स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो, त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग उपयोगी पडत नाहीत. ते दुसऱ्या फुलावरून यावे लागतात, आणि आणते मधमाशी. सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिन्ही माश्या कांद्यावर येतात. पण कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम बरेच असते आणि जवळ दुसरे आवडीचे फूल असेल तर माश्या तिकडे वळतात. बी धरावे अशी इच्छा असेल तर कांद्याच्या फुलोऱ्यात शेजारी सूर्यफूल किंवा मोहरी फुललेली नसावी.

वासाची भीती बऱ्याच जणांना वाटते. फुलत्या कांद्याला उभ्या बागेत कांद्याचा वास येत नाही. कांद्यातली गंधकाची संयुगे आणि त्यांचे विघटन करणारे विकर पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पात चुरडली, दांडा कापला की ती एकत्र येतात आणि तेव्हाच उग्र वास सुटतो. फुलाचा स्वतःचा गंध मंद, गोडसर असतो. फुलदाणीसाठी दांडा कापायचा तर गोंड्यातली तिसऱ्या हिश्शाइतकी फुले उमलल्यावर कापावा, काही वेळ वेगळ्या भांड्यात पाण्यात ठेवावा, मग ते पाणी फेकून फुलदाणीत मांडावा. रोज पाणी बदलले तर आठ-दहा दिवस टिकतो. देवपूजेच्या परडीत मात्र या फुलाला जागा नाही. नैवेद्यात कांदा वर्ज्य, आणि आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून चातुर्मासभर कांदा बंद करणारी घरे आजही आहेत. घराला सजावट आणि माश्यांना चारा, एवढेच या फुलाचे काम.

फुले सरली की गोंड्यात त्रिकोणी बोंडे धरतात आणि मार्चअखेर ती वाळून फुटू लागतात. आतले काळे, कोनदार बी दिसू लागले की दांडा कापून सावलीत वाळवावा, हाताने चोळून बी पाखडून घ्यावे. कांद्याचे बी फार दिवस जिवंत राहत नाही. वर्षभरात त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून त्याच वर्षीच्या रब्बीत ते टाकावे. बाजारातून आणलेल्या मिसळीच्या कांद्यांचे बी सारखे उतरत नाही, आणि संकरित कांद्याचे तर मुळीच नाही. घरच्या पातीसाठी ते चालते, विकण्यासाठी नव्हे. गावात कोणी बीजोत्पादन घेत असेल तर एक जबाबदारी पाळायला हवी. पायाभूत बियाण्याच्या प्लॉटपासून दुसऱ्या जातीचा फुलता कांदा एक किलोमीटर दूर असावा लागतो, कारण माशीला बांध आणि कुंपणे कळत नाहीत. अशा ठिकाणी परसातले गोंडे उमलण्याआधीच कापावेत किंवा त्या वर्षी लावूच नयेत. शेजाऱ्याचे वर्षभराचे पीक आपल्या हौसेपेक्षा मोठे.

एप्रिलमध्ये कांद्याचा वाफा रिकामा होतो. त्यानंतरच्या दिवसांसाठी याच गणगोतातल्या दुसऱ्या वनस्पती आहेत. लसूण मात्र या कामाला येत नाही. इथल्या जातींना सहसा फुलाचा दांडाच निघत नाही. चायनीज चाइव्ह, म्हणजे ॲलियम ट्यूबरोसम, ही खऱ्या अर्थाने उष्ण हवेतली शोभेची कांदावर्गीय वनस्पती. तिची पाने चपटी, चव लसणाची, आणि मणिपुरात तिला मरोई नाकुप्पी म्हणून रोजच्या स्वयंपाकात मान आहे. तिचा ठोंब एकदा लागला की वर्षानुवर्षे राहतो, दर दोन-तीन वर्षांनी फोडून वेगळा लावता येतो, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात पांढऱ्या चांदण्यांचे गोंडे देतो. जांभळ्या रंगाची हौस भागवायची तर सोसायटी गार्लिक लावावा. दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती ॲलियम नाही, पण कूळ तेच आणि पानांना वास लसणाचाच. थोड्या पाण्यात, मुरमाड जागेत ती निभावते आणि फिकट जांभळ्या फुलांचे झुबके बराच काळ देत राहते. कुंपणाच्या कडेने लावायला याहून सोशीक झाड या यादीत नाही.

पहिल्या पावसाबरोबर फुलणारी पावसाळी लिली धाराशिवच्या अनेक अंगणांत आधीपासून आहे. तिचा कंद हुबेहूब छोट्या कांद्यासारखा दिसतो, पण त्याला कांद्याचा वास नसतो आणि तो विषारी आहे. माळरानावरचा रानकांदा, ज्याला कोळकांदाही म्हणतात, हा तर त्याहून जहाल. त्याचा कंद मोठा आणि पदरांचा असतो, उन्हाळ्यात पाने नसताना दगडगोट्यांतून त्याचा लांब फुलोरा वर येतो, आणि कंदातली द्रव्ये हृदयावर घात करतात. तो रानातून उपटून बागेत आणू नये. माळ नांगरले जात असताना त्याची जागा आधीच आक्रसते आहे, आणि ज्याला तो पाहायचा आहे त्याने मे महिन्यात माळावर जाऊन पाहावा.

खाण्याचा कांदा आणि न खाण्याचे कंद यांची गल्लत होऊ नये यासाठी एक नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवावा. चुरडल्यावर कांद्या-लसणाचा वास न येणारा कंद तोंडात घालायचा नाही, आणि नुसता वास आला म्हणून अनोळखी कंद खायचाही नाही. खुद्द कांदाही जनावरांना सोसत नाही. कुत्र्या-मांजरांच्या आणि जास्त प्रमाणात खाल्ला तर गाई-म्हशींच्याही तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात, म्हणून बागेतून काढलेली पात, दांडे आणि संपलेले कांदे गोठ्यात न टाकता खतखड्ड्यात टाकावेत. लिलीचे कंद काढून ठेवायचे झाले तर नाव लिहिलेल्या पिशवीत, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत. चायनीज चाइव्ह आणि सोसायटी गार्लिक यांचे ठोंब काढायची गरज नसते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी मिळाले तरी ते जागच्या जागी तग धरतात आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा पान धरतात.